खोली पेंडल हिलला, कॉलेज पॅरामॅटाला

जानेवारी आणि जून या दोन महिन्यांत माझ्या फोनला उसंत नसते. सांगली-मिरजेहून, नाशिकहून, कधी थेट मुंबईच्या विमानतळावरून. "ताई, सिडनीत खोली कुठं बघू?" आणि मागून आईचा आवाज, "कॉलेजच्या जवळच मिळेल ना गं?" इथली सत्रं उन्हाळा संपता संपता आणि मग जुलैच्या सुमाराला सुरू होतात, म्हणून हे दोनच हंगाम. माझं उत्तर एव्हाना इतकं पाठ झालंय, की ते एकदाचं लिहून टाकावं म्हटलं.

मी मिरजेची. पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहिले, तिथून वेस्टर्न सिडनी विद्यापीठात शिकायला आले आणि पेंडल हिलमध्ये खोली घेतली. सिडनीच्या मध्यभागापासून पश्चिमेला तीसेक किलोमीटरवरचं हे उपनगर. एक स्टेशन, स्टेशनाबाहेर पेंडल वे आणि जॉयस स्ट्रीटवरची दुकानं, मागं जुनी कौलारू बंगलेवजा घरं आणि मधूनमधून विटांच्या तीन मजली इमारती. पर्यटक इकडं फिरकत नाहीत. विद्यार्थी मात्र येतात, कारण कुणाचा तरी मामेभाऊ आधी इथं राहून गेलेला असतो. मामेभावाच्या शब्दावर घर घ्यावं की नाही, तेच पुढं सांगते.

१. किलोमीटर विचारू नका, गाडी विचारा

नकाशावर पेंडल हिल पॅरामॅटाच्या अगदी लगत दिसतं, आणि आहेही. वेंटवर्थव्हिल, वेस्टमीड, पॅरामॅटा. तिसऱ्या स्टेशनाला उतरायचं, दहाएक मिनिटांत. सेंट्रल स्टेशनाला साधारण पाऊण तास. पण इथून जाणारी प्रत्येक गाडी इथं थांबत नाही. फास्ट आणि स्लो हा भेद मुंबईच्या मुलांना समजावावा लागत नाही. आमच्याकडच्यांना प्लॅटफॉर्मवर उभं राहून, समोरून न थांबता गेलेली गाडी बघूनच तो कळतो. गर्दीची वेळ सरली की थांबणाऱ्या गाड्यांमधलं अंतर वाढतं. तेव्हा "स्टेशनापासून पाच मिनिटं" या जाहिरातीच्या जोडीला त्या स्टेशनावर तुमच्या वेळेला किती गाड्या थांबतात, हेही बघा. वेळापत्रक फुकट आहे, मिरजेत बसूनही वाचता येतं.

त्याच्याही आधी ऑफर लेटर नीट वाचा. विद्यापीठाचं नाव ठळक असतं, कॅम्पसचं नाव कुठंतरी खाली बारीक असतं, आणि घर ठरवायचं ते त्या बारीक अक्षरांवरून. वेस्टर्न सिडनी विद्यापीठ म्हणजे एक आवार नव्हे. पॅरामॅटा शहराच्या मध्यावर मॅक्वारी स्ट्रीटवरची उंच इमारत वेगळी, नदीकाठी रायडलमीअरचं पॅरामॅटा साउथ वेगळं, आणि पेनरिथ, कॅम्पबेलटाउन, हॉक्सबरी, बँक्सटाउन, लिव्हरपूल ही सगळी पुन्हा वेगळी. पॅरामॅटासाठी पेंडल हिल फार सोयीचं. कॅम्पबेलटाउनला प्रवेश मिळालेल्या मुलानं इथं खोली घेतली, तर त्याचा दिवस रुळांवरच जाईल.

दुसऱ्या विद्यापीठांचंही थोडक्यात सांगते. सिडनी विद्यापीठाच्या मुख्य आवारासाठी रेडफर्नला उतरून चालत जायचं, यूटीएस सेंट्रलच्या शेजारीच आहे. दोन्हींसाठी इथून रोजचं जाणं-येणं जमतं. गाडीत वाचता येत असेल तर बरंच जमतं. सिडनी विद्यापीठाचे आरोग्यशाखेचे काही वर्ग वेस्टमीडच्या रुग्णालयांच्या परिसरात होतात, त्या मुलांना तर पेंडल हिल म्हणजे घरअंगण. यूएनएसडब्ल्यू मात्र केन्सिंग्टनला आहे आणि तिथं रेल्वे स्टेशन नाही. सेंट्रलला उतरून पुन्हा लाइट रेल. मॅक्वारी विद्यापीठाला मेट्रो आहे, पण इथून तिथवर पोचायला गाड्या बदलत बदलत जावं लागतं. या दोन ठिकाणच्या मुलांना मी स्पष्ट सांगते: पेंडल हिलला येऊ नका. इडली छान मिळते, पण रोजचे तीन तास जातील.

आणखी एक गोष्ट. वाहतुकीच्या भरवशावर घर घेताना आज काय चालू आहे ते बघायचं, पुढं काय येणार आहे ते नाही. रायडलमीअरला पूर्वी कार्लिंगफर्ड मार्गावरचं स्टेशन होतं. लाइट रेल टाकायची म्हणून २०२० च्या जानेवारीत तो मार्ग बंद झाला, आणि वेस्टमीड ते कार्लिंगफर्ड लाइट रेल प्रत्यक्ष धावली २०२४ च्या २० डिसेंबरला. मधल्या जवळजवळ पाच वर्षांत दोन वर्षांची पदवी घेणारी दोन पिढ्यांची मुलं बसनं ये-जा करून पास होऊन गेली. आता वेस्टमीडला किंवा पॅरामॅटाला गाडी बदलून थेट रायडलमीअरला उतरता येतं. "पुढच्या वर्षी इथून मेट्रो जाणार आहे" असं एजंट म्हणाला, तर हसून ऐका आणि भाडं आजच्या बसच्या हिशेबानं ठरवा.

२. घर निवडते ती रात्रीची शेवटची पाळी

कॉलेज आठवड्यातून दोन-तीन दिवस असतं. कामावर त्याहून जास्त दिवस जावं लागतं. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना पंधरवड्याला ४८ तास काम करता येतं; २०२३ च्या जुलैपासून हा नियम आहे. हे तास बहुतेकांना मिळतात ते हॉटेलात, सुपरमार्केटात, वृद्धाश्रमात किंवा गोदामात, आणि तेही कुणाला नको असलेल्या वेळेला. पहाटे सहाला सुरू होणारी पाळी, नाहीतर रात्री अकराला संपणारी. म्हणून घराची परीक्षा सकाळी नऊच्या गाडीनं करू नका. रात्री साडेअकराला पॅरामॅटाहून कशी येणार, ते आधी बघा.

मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत सिडनीत लोकल गाड्या बंद असतात, त्यांच्याऐवजी नाइटराइड बसगाड्या धावतात. त्या असतात, वेळेवर येतातही, पण वेळ जास्त घेतात. शनिवार-रविवारी रुळांच्या कामासाठी मार्ग बंद ठेवण्याची पद्धत आहे, तेव्हाही गाडीऐवजी बस. आणि नेमकं शनिवार-रविवारीच विद्यार्थ्यांचं काम असतं, कारण त्या दिवशी पगाराचा दर चढा असतो.

मुलींना मी एवढंच सांगते, खोली दुपारी बघा, आवडली तर रात्री दहाला स्टेशनापासून तिथवर चालत जाऊन बघा. एखादी मैत्रीण बरोबर घ्या. पेंडल हिल शांत आहे, भीतीदायक नाही. पण इथले रस्ते संध्याकाळी सात वाजताच रिकामे होतात. आपल्याकडे रात्रीच्या रस्त्याला पानाची टपरी सोबत देते, औषधाचं दुकान देतं, कट्ट्यावरची माणसं देतात. इथं दोन्ही बाजूंना बंद फाटकं आणि एखादा भुंकणारा कुत्रा. माझ्या मते, स्टेशनापासून बारा मिनिटांच्या पलीकडचं घर पाळीवर काम करणाऱ्या मुलीनं घेऊ नये, दहा-वीस डॉलर वाचत असले तरी.

गोदामातलं काम धरणार असाल, तर गोष्टच वेगळी. वेदरिल पार्क किंवा ईस्टर्न क्रीकची गोदामं रेल्वेपासून दूर आहेत. तिथं जाणारी बहुतेक मुलं चौघांत एक जुनी गाडी वापरतात. मग घरमालकाकडे गाडी लावायला जागा आहे का, हे आधी विचारावं लागतं.

३. महिन्यात चार आठवडे नसतात

इथं भाडं आठवड्याचं सांगतात. "दोनशे वीस" ऐकलं की आपण मनात चारनं गुणतो आणि आठशे ऐंशी म्हणून घरी कळवतो. वर्षात बावन्न आठवडे असतात. बावन्नला बारानं भागा आणि मग गुणा: नऊशे त्रेपन्न. फरक त्र्याहत्तर डॉलरचा, दर महिन्याला. बाबांनी सांगलीत बसून केलेल्या हिशेबात आणि इथल्या बँकेच्या खात्यात तफावत पडते ती इथूनच.

प्रवासाचा खर्च भाड्यातच धरा. न्यू साउथ वेल्समध्ये परदेशी विद्यार्थ्यांना, काही सरकारी शिष्यवृत्तीधारक सोडले तर, रेल्वेच्या भाड्यात सवलत नाही. इथल्या मुलांच्या हातातलं सवलतीचं कार्ड बघून आपलंही होईल असं समजू नका. ते वापरताना सापडलात तर दंड आहे. मात्र ओपल या इथल्या प्रवासाच्या कार्डावर प्रौढांना आठवड्याला ५० डॉलरची कमाल मर्यादा आहे, त्यापुढचा प्रवास फुकट. गर्दीच्या वेळा टाळल्या तर तीस टक्के कमी, आणि शुक्रवार दिवसभर कमी दराचा. म्हणजे हिशेब सोपा होतो. पेंडल हिलला दोनशे वीसची खोली असेल आणि रोज शहरात जायचं असेल, तर ती जास्तीत जास्त दोनशे सत्तरची आहे असं धरा आणि विद्यापीठाजवळच्या खोलीशी ताडून बघा. तिथली खोली तीनशेला मिळत असेल, तर तुम्ही आठवड्याला तीस डॉलर वाचवण्यासाठी रोज दोन-अडीच तास मोजताय. तेवढ्या वेळात एका तासाचं काम केलं तरी तीस डॉलरच्या जवळपास पोचता. सेंट्रलच्या आसपास नुसत्या विद्यार्थ्यांसाठी बांधलेल्या चकचकीत इमारती आहेत, त्यांचं भाडं याच्या बरंच वर जातं. तिथं हे गणित लागू नाही.

वीज, गॅस, इंटरनेट भाड्यात आहे की नाही, ते लेखी विचारा. "सगळं धरून" या दोन शब्दांत हिवाळ्यातला हीटर बसतो की नाही, यावरून मी चांगल्या मैत्र्या तुटलेल्या बघितल्यात.

४. कागद नसेल तर तुम्ही भाडेकरू नाही

हा धडा मोठा आहे. सावकाश वाचा.

इथला रेसिडेन्शियल टेनन्सीज ॲक्ट २०१० सालचा, आणि भाडेकरूच्या बाजूनं बऱ्यापैकी भक्कम. बाँड, म्हणजे आपली अनामत, चार आठवड्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही. आगाऊ भाडं दोन आठवड्यांहून जास्त मागता येत नाही. खोली राखून ठेवण्याची रक्कम फार तर एका आठवड्याची. बाँड घरमालकानं स्वतःच्या खिशात ठेवायचा नसतो. तो राज्य सरकारच्या भाडे-बाँड खात्यात जमा होतो आणि त्याचा क्रमांक भाडेकरूला मिळतो. पुण्यात अकरा महिन्यांचा करार आणि मालकाच्या मर्जीवरचं डिपॉझिट बघितलेल्या माणसाला हे स्वप्नवत वाटतं. २०२४ च्या ऑक्टोबरअखेरीपासून भाडं बारा महिन्यांतून एकदाच वाढवता येतं, आणि २०२५ च्या १९ मेपासून कारण न देता घर खाली करायला सांगण्याची पद्धतही संपली.

आता गंमत बघा. हे सगळं भाडेकरूसाठी आहे. नवीन आलेला विद्यार्थी पुष्कळदा कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसतोच.

पूर्ण घर भाड्यानं घ्यायचं तर एजंट पगाराच्या पावत्या मागतो, आधीच्या घरमालकाचा दाखला मागतो. काल विमानातून उतरलेल्या मुलाकडे यातलं काही नसतं. म्हणून तो आधीपासून राहणाऱ्या कुणाच्या तरी घरात एक खोली घेतो, किंवा खोलीतली एक कॉट. ज्याच्या नावावर मूळ करार आहे तो मुख्य भाडेकरू, आणि आपण त्याचे पोटभाडेकरू. इथं कायदा एक अट घालतो: पोटभाडेकरूशी लेखी भाडेकरार झालेला नसेल, तर हा कायदा त्याला भाडेकरू मानत नाही. मग चार आठवड्यांची मर्यादा, सरकारी खात्यातला बाँड, नोटीस, यातलं काहीच हक्कानं मागता येत नाही. "अरे आपलीच माणसं आहोत, कागद कशाला?" हे वाक्य ज्या घरात ऐकाल, तिथं कागद आधी मागा.

माझ्या ओळखीच्या एका मुलाला मुख्य भाडेकरूनं बाँड म्हणून सहा आठवड्यांचं भाडं मागितलं, रोख. त्यानं फोनवर मला विचारलं, मी म्हटलं पावती माग. पावतीचं नाव काढताच ती खोली "दुसऱ्याला दिली गेली". उत्तम झालं.

करारावर किती माणसं राहणार तेही लिहिलेलं असतं. दोन खोल्यांच्या घरात हॉलला पडदा लावून तिसरी "खोली" केलेली असेल, तर मालकाला ते माहीत नसण्याचीच शक्यता जास्त. तपासणीच्या दिवशी तुम्हाला गादी गुंडाळून, बॅग मित्राच्या गाडीत टाकून बाहेर हिंडायला लावतात. अशा जागेत स्वस्त पडतं, कबूल. पण परीक्षेच्या आठवड्यात तपासणी आली की काय होतं, ते विचारून बघा.

उलट बाजूही आहे. चार मैत्रिणींनी मिळून करारावर सह्या केल्या, तर भाड्याची जबाबदारी चौघींची मिळून असते. एक मध्येच नोकरीसाठी मेलबर्नला गेली, तरी मालकाला पूर्ण भाडं लागतं. मुदतीच्या करारातून मध्येच बाहेर पडायला ठरलेली भरपाई आहे: पहिल्या चतुर्थांशात सोडलं तर चार आठवड्यांचं भाडं, पुढं तीन, दोन आणि शेवटच्या चतुर्थांशात एक. म्हणून पहिल्याच वेळी बारा महिन्यांची सही करू नका. सहा महिने पुरे.

घर ताब्यात घेताना स्थितीचा अहवाल मिळतो, भिंतीवरच्या डागापासून ओव्हनच्या बटणापर्यंत. तो सात दिवसांत आपले शेरे लिहून परत द्यायचा असतो. मुलं सामान लावण्याच्या गडबडीत ते राहू देतात. फोनवर प्रत्येक खोलीचे फोटो काढा, तारखेसह स्वतःला ई-मेल करा. काही बिनसलंच तर भाडेकरूंसाठी मोफत सल्ला केंद्रं आहेत, रेडफर्न लीगल सेंटरमध्ये परदेशी विद्यार्थ्यांसाठी वेगळी सेवा आहे, आणि शेवटी एनकॅट नावाचं न्यायाधिकरण आहे. तिथं वकिलाशिवाय स्वतःचं म्हणणं मांडता येतं. तक्रार केली म्हणून व्हिसा जातो, ही अफवा मुख्यतः तक्रार होऊ नये असं वाटणारेच पसरवतात.

५. आपली माणसं: एक वर्षापुरती

पेंडल हिल हे नाव इंग्लंडातल्या लँकेशरच्या डोंगराचं, आणि या उपनगराची वाढ झाली ती सुतामुळं. १९२३ च्या सुमाराला जॉर्ज बाँडनं डनमोर स्ट्रीटवर सूतगिरणी उभी केली, पुढच्याच वर्षी स्टेशन आलं. बाँड्सचे बनियन याच भागात विणले जायचे. २००९ मध्ये कंपनीनं ऑस्ट्रेलियातलं उत्पादन बंद करण्याचं जाहीर केलं. गिरणीच्या जागेवर आता राहायच्या इमारती आहेत. परळ-लालबागकडच्या वाचकाला पुढचं सांगायची गरज नाही.

त्या जुन्या गिरणगावाची आठवण मला दुसऱ्या कारणानं येते. कोकणातून, घाटावरून मुंबईत आलेला गिरणी कामगार आधी आपल्या गावच्या मंडळाच्या खोलीत वळकटी टाकायचा. एकाच खोलीत पाळीपाळीनं झोपणारी माणसं, खानावळीतलं जेवण, काम लावून देणारा गाववाला. पेंडल हिलमधलं पोरांचं घर त्याच चालीवर चालतं. एक रात्रपाळीहून येतो, दुसरा त्याच वेळी उठतो. कांदा-लसूण मसाल्याची बरणी सामायिक, दुधाची बाटली मात्र ज्याची त्याची, नावाची चिठ्ठी लावलेली.

इथली आपली माणसं म्हणजे केवळ मराठी असं समजू नका. पेंडल हिलच्या दुकानांवर तमिळ अक्षरं जास्त दिसतात. श्रीलंकेतून आलेल्या तमिळ कुटुंबांची इथं जुनी वस्ती आहे. कोत्तू रोटी, इडियप्पम, ताजा कढीपत्ता, ओला नारळ सगळं पायी चालण्याच्या अंतरावर. मोठी खरेदी करायची तर वेंटवर्थव्हिल आणि हॅरिस पार्क आहेच. दिवाळीच्या सुमाराला भाजणीही मिळते. गणपतीला मराठी असोसिएशन सिडनीचा कार्यक्रम असतो. तिथं गेलात की पोटभर जेवण आणि दोन-तीन फोन नंबर घेऊन परत येता.

याचा फायदा खरा आहे. पहिला ताप आला तेव्हा मला मूगडाळीची खिचडी शेजारच्या श्रीलंकन मावशींनी आणून दिली. तिच्यात नारळाचं दूध होतं आणि ती आमच्या खिचडीपेक्षा बरी होती, हे आईला अजून सांगितलेलं नाही. काम मिळतं ते ओळखीनं. बँकेत कुठलं खातं उघडायचं, डॉक्टर कुठला, विमा कसा वापरायचा, हे कुणीतरी आपल्या भाषेत सांगतं.

तोटाही तितकाच खरा. घरात मराठी, कामावर हिंदी, दुकानात मोडकी तमिळ; वर्गात गटचर्चा आली की पोरगं गप्प. दोन वर्षं सिडनीत राहून एकाही स्थानिक माणसाच्या घरी चहा न घेतलेली मुलं मला माहीत आहेत. तुम्ही रात्री किती वाजता आलात, कुणाच्या गाडीतून उतरलात, याची बातमी तुमच्याआधी इचलकरंजीला पोचते, हे वेगळंच. माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष आपल्या माणसांत काढावं, मनात अपराधी न वाटू देता काढावं, आणि दुसऱ्या वर्षी मुद्दाम बाहेर पडावं. जी मुलं दोन्ही वर्षं एकाच घरात राहिली, त्यांना पदवीनंतरची नोकरी शोधताना इंग्रजी बोलायचा सराव नव्यानं करावा लागला, हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय.

६. खिडकी उत्तरेला हवी

वास्तुशास्त्र बाजूला ठेवा. आपण विषुववृत्ताच्या खाली आलोय, इथं सूर्य उत्तरेकडून फिरतो. उत्तरेची खिडकी म्हणजे हिवाळ्यात ऊन. दक्षिणेची खोली जुलैत ओल धरते आणि कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते. जुन्या घरांना थंडीची सोय जवळपास नसते. "सिडनीत कुठली आलीय थंडी" म्हणून एक शाल घेऊन आलेली पोरं पश्चिम उपनगरातल्या पहाटे दोन पायमोजे चढवून झोपतात.

उन्हाळा त्याहून वाईट. समुद्राचा वारा इकडे पोचेपर्यंत दमून जातो. २०२० च्या ४ जानेवारीला पेनरिथला ४८.९ अंश तापमान होतं. वरच्या मजल्यावरची, पश्चिमेकडे तोंड असलेली, पंखा नसलेली खोली स्वस्त का आहे, ते फेब्रुवारीत कळतं.

७. फोडणी देताना दार उघडू नका

इमारतीतल्या घरात धूर झाला की छतावरचा अलार्म ओरडतो. आपण घाबरून घराचं मुख्य दार उघडतो, धूर बाहेरच्या मार्गिकेत जातो आणि तिथला अलार्म पुष्कळ इमारतींत थेट अग्निशमन दलाशी जोडलेला असतो. बंब येतो. विनाकारण आलेल्या बंबाचा आकार हजार डॉलरच्या वर आहे, आणि इमारतीचं मंडळ तो तुमच्याकडून वसूल करू शकतं. खिडकी उघडा, चिमणी चालू करा, दार बंद ठेवा. खोली बघायला जाल तेव्हा चिमणीचा धूर घराबाहेर जातो की परत स्वयंपाकघरातच सोडला जातो, ते बघा. मोहरी रोज तडतडणार आहे.

८. खोलीआधी माणसं बघा

घर दाखवणारा माणूस खोली, मोरी, गच्ची सगळं दाखवतो. आत राहणाऱ्यांना भेटायला मागा. मी चार गोष्टी विचारायला सांगते. कोण कुठल्या पाळीला जातं? फ्रिजमध्ये मांस-मासे चालतात का, आणि न चालणारा कोण? पाहुणा किती दिवस राहू शकतो? आणि मागचा माणूस खोली सोडून का गेला? पहिल्या तिन्हींची उत्तरं पटापट येतात. चौथ्याला घरातली माणसं एकमेकांकडे बघायला लागली, तर नम्रपणे निरोप घ्या.

९. पैसे मिरजेतून पाठवू नका

समाजमाध्यमांवर सुंदर खोलीचे फोटो, भाडं बाजाराहून कमी, मालक "सध्या परदेशात", किल्ली कुरिअरनं येणार, तेवढा बाँड आज पाठवा. ही फसवणूक जुनी आहे आणि तरी दर हंगामाला कुणी ना कुणी सापडतंच. खोली स्वतः बघितल्याशिवाय, किंवा ओळखीच्या माणसानं तिथं उभं राहून व्हिडिओ कॉलवर दाखवल्याशिवाय, एक डॉलरही पाठवायचा नाही.

मग उतरल्यावर राहायचं कुठं? दोन-तीन आठवड्यांची तात्पुरती सोय करून या. विद्यापीठाचं निवास कार्यालय मदत करतं, बॅकपॅकर हॉस्टेलं आहेत, ओळखीच्या घरी पैसे देऊन राहता येतं. फुकट राहू नका, फुकटाचं राहणं लवकर जड होतं. सत्र सुरू व्हायच्या तीन-चार आठवडे आधी पोचलात तर निवडायला घरं मिळतात. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात आलात तर घरं तुम्हाला निवडतात. या मधल्या दिवसांत पेंडल हिल बघा, टूंगॅबी बघा, वेस्टमीड बघा, ग्रॅनव्हिल बघा. कामाचा पत्ता आधी लागला तर घर त्याच्या आणि वर्गाच्या मधोमध शोधा.

आणि घर सोडायची वेळ येईल तेव्हाचं आजच लिहून ठेवा. मुदतीचा करार संपताना निदान १४ दिवस आधी लेखी कळवायचं असतं, मुदत उलटून गेलेल्या करारात २१ दिवस आधी. बाँड परत मिळवण्यासाठी मालकाच्या सहीची वाट बघत बसावं लागत नाही, भाडेकरू स्वतः अर्ज करू शकतो. मालकाला त्याची सूचना जाते, आणि १४ दिवसांत त्यानं हरकत घेतली नाही तर रक्कम तुमच्या खात्यात जमा होते.